मावशीनं नेलेली बाटली

मनकर्णाची दोन बाळंतपणं झाली. दोन्ही लेकरं अंगानं चांगली थोराड, अन् दोन्ही मेलेलीच जन्मली. तिसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिची लघवी निळ्या औषधात घालून तापवली, तर औषध विटेसारखं लाल झालं. "साखर आहे तुला. गोड बंद! दर आठवड्याला लघवी तपासायची. लालच येत राहिलं तर बाळंतपण नगरच्या मोठ्या दवाखान्यात," नर्सबाईनं बजावलं.

कर्जतपल्याडच्या वाडीत दुष्काळ पडलेला. नवरा मच्छिंद्र खडी फोडायला गेलेला, हिचे पाय सुजलेले. दवाखान्यात बाटली न्यायची कोणी? कडूबाईनं. कडूबाई गावची सुईण अन् मनकर्णाची सख्खी मावशी; आई गेल्यावर तिनंच हिला लहानाची मोठी केली. सरकारनं शिकवून तिला कात्रीदोऱ्याची पेटीसुद्धा दिलेली. मग भरवसा ठेवायचा तरी आणखी कोणावर, सांगा!

दर आठवड्याला मावशी हसत परत यायची. "मने, निळंच आलं बघ! खा आता." अन् दुष्काळी कामावरची गोड सुकडी स्वतःच्या हातानं भरवायची.

नववा लागला अन् नर्सबाई स्वतःच वाडीत आली. भलंमोठं पोट बघून तिला शंका आली. तिनं ओट्यावरच दिवा पेटवून लघवी तापवली. मनकर्णाच्या डोळ्यांदेखत औषध लाल झालं.

"अगं बाई! मग इतके दिवस मी तपासली कोणाची?"

मावशीनं मान खाली घातली. "माजी," ती म्हणाली. "दोन पोरं माज्या हातात मेली, मने. गाव म्हनतं, कडूचा हात वाईट. ह्ये तिसरं माज्याच हातात जितं यायला पायजे हुतं. तू नगरला गेल्यावर माजी अब्रू कुठली ऱ्हाती?"

मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुज्या अब्रूपायी माजं लेकरू डावाला लावलंस व्हय गं?"

त्याच दिवशी दवाखान्याच्या जीपनं तिला नगरला नेलं. पोट फाडावं लागलं, पण पोरगी जिती निघाली, चांगली टाहो फोडत. दोन दिवसांनी मावशी आली अन् खाटेपाशी हात पसरून उभी राहिली. "एकदा माज्या हातात दी गं, मने."

मनकर्णानं कुशीतली पोर तिच्या हातात दिली.

"घ्या, सुईनबाई. तुमच्या हातात जिती हाय म्हनून सांगा गावाला. पन आता मला मने म्हनू नका."