मेरीची पाठ

रविवारी दुपारी न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर भिंतीला टेकून स्पेनमधली सातशे वर्षांपूर्वीची लाकडी मेरी उभी होती. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. शशिकांत नावाचे गृहस्थ माइकवरून मराठीत सांगत होते की ही माता सगळ्या धर्मांची आहे, शंकेखोरांची तेवढी नाही. दहाव्या मिनिटाला मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि अर्धा हॉल रडू लागला.

वेलिंग्टनमध्ये मी जुन्या मूर्तींच्या जतनाचं काम करते. ते काम मी शिकले स्पेनमधल्या कॅथीड्रलांत. मूर्ती बघायला आले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर आठवडा आठवडा कानावर मराठी पडत नाही, म्हणून आले होते.

शेजारी विमलमावशी होत्या, दोन वर्षांपासून ओळखीच्या. निवृत्त नर्स, मुलगा ब्रिस्बेनला, घरी एकट्या.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या सोडल्या मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "शशिकांत म्हणाले, आईचे अश्रू पुरेत."

वाद घालून त्या ऐकणार नव्हत्या. मी उठले आणि मला प्रदक्षिणा घालायची आहे म्हणाले. मातेची पाठ बघणं पाप आहे, असं शशिकांत घाईघाईने म्हणाले, आणि तिथेच फसले. देवी आहे आणि प्रदक्षिणा नाही, हे आपल्या माणसांना पटेना. पुढच्या रांगेतल्या चौघांनी मूर्ती अलगद पुढे घेतली.

लाकूड तडकू नये म्हणून त्या काळचे कारागीर अशा मूर्ती मागून पोकळ कोरत. ह्या पोकळीत डोक्याशी एक पिशवी टांगली होती आणि तिच्या नळ्या डोळ्यांकडे गेल्या होत्या. डोळ्यांना ताजी भोकं, त्यांत मेण. मेणबत्त्यांनी चेहरा तापला की मेण वितळायचं. सातशे वर्षं टिकलेल्या डोळ्यांना ड्रिल लावलेलं बघून मलाच रडू आलं.

विमलमावशी वाकून बघत होत्या.

"ही सलाइनची पिशवी आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं हेच लावत होते मी."

शशिकांत मागच्या दाराने निघून गेले. स्टेशनपर्यंत मी मावशींबरोबर चालले. उद्याच डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करते, असं त्यांनी कबूल केलं. मग थांबून म्हणाल्या, "पण आता रविवारी मी कुठे जाऊ गं?"

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याच्या मागे जाऊन बघा, एवढंच माझं सांगणं आहे. पण त्या दिवशी मला आणखी एक कळलं. मावशींचं घर माझ्यापासून तीन स्टेशनांवर, आणि दोन वर्षांत मी एकदाही त्यांची बेल वाजवली नव्हती.

"माझ्याकडे या," मी म्हणाले.