लिंबाचं चित्र

सांडू साडेचार वर्षांचा होता. बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठीवर एवढंच लिहून पाठवलं होतं: 'सांडू, हर्सूल. बोलणं कमी. वस्तूंची नावं येत नाहीत.' त्याची आई सरूबाई चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. आज खाडा करून ती त्याला मुलांचं बोलणं तपासणाऱ्या केंद्रात घेऊन आली होती. बरोबर तिची सासू चतुराबाई होती, मूळची पिशोरची. सांडूचा बाप ट्रकवर होता, महिन्यातून एखाद-दोन दिवसच घरी; सरूबाई कामावर गेली की बालवाडीचे दोन तास सोडून सांडू दिवसभर आजीजवळ असे.

उमाने त्याला बुटक्या खुर्चीवर बसवलं. विज्ञानाची पदवी आणि त्यानंतरचं वाचा-तपासणीचं शिक्षण संपवून ती त्याच वर्षी, म्हणजे १९८८ साली, औरंगाबादच्या या केंद्रात रुजू झाली होती.

"बाई, आधीच सांगते," सरूबाई म्हणाली. "थोरले भावजी म्हणत्यात, पोरगं मंद आसंल तर शाळेत टाकून काय करता, पिशोरला धाडा, शेरडं राखंल. तुम्ही सांगाल तसं व्हईल आता."

"मंदबिंद काय नाय," चतुराबाई म्हणाली. "पण पिशोरला काय वाईट हाय? मी जाईन की त्याच्यासंगं. हितं त्या खोलीत कोंडल्यावानी व्हतं त्याला."

"आत्याबाई, तुमाला तर तेच पायजे."

"व्हय, पायजे. खोटं कशाला बोलू?"

उमाने चित्रांचा संच उघडला. नियम सोपा होता. चित्र दाखवायचं, "हे काय?" विचारायचं. चित्रं सोप्याकडून अवघडाकडे लावलेली. ओळीने तीन चुकली की थांबायचं, आणि मूल जिथे थांबलं त्यावरून त्याच्या भाषेचं वय काढायचं.

गाय त्याने सांगितली. भाकर, मांजर, चूल सांगितली. मग लिंबू आलं.

"आंबट," सांडू म्हणाला.

फूल आलं. "देवाचं."

वाघ आला. "रानातला."

ओळीने तीन. उमाने संच मिटला. हिशेबाने त्याच्या भाषेचं वय जेमतेम अडीच भरत होतं. सरूबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.

पण उमाला एक गोष्ट खटकली. वस्तू ओळखतात पण नाव सापडत नाही, अशी मुलं तिने पाहिली होती. ती अडखळतात, शब्द शोधतात, हाताने दाखवतात. सांडू अडखळला नव्हता. गायीला 'गाय' म्हणायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यातच तो लिंबाला 'आंबट' म्हणाला होता. न येणारं उत्तर इतक्या चटकन येत नाही.

"घरी लिंबाला काय म्हणता तुम्ही?" तिने विचारलं.

सरूबाईने सासूकडे पाहिलं, सासूने खिडकीकडे.

उमाने तेवढ्यापुरता विषय बदलला. "बरं, चिठ्ठीवर पूर्ण नाव नाही. याच्या वडिलांचं नाव काय?"

सरूबाईने पोराला कोपराने ढोसलं. "सांग रं बाईंना."

"फुलचंद लिंबाजी," सांडू खणखणीत आवाजात म्हणाला.

उमाचा हात थांबला. तिने चतुराबाईला विचारलं, "आजी, तुमच्या मालकांचं?"

"सांड्या, सांग."

"लिंबाजी वाघोजी."

फूल, लिंबू, वाघ. उमाने मिटलेल्या संचाकडे पाहिलं.

"कुटं बी नाव इचारलं की त्योच सांगतो," चतुराबाई म्हणाली. "रेशनला, दवाखान्यात. आमी दोघींनी कसं घ्यावं? मालक वारून लई वर्सं झाली, यानं तर बघितलं बी नाय. पन नाव ते नावच."

"आणि नावासारखा शब्दही नाही?"

"नाय. फूल तेवढं मला चालतं, लेकाचं नाव हाय; पन हिच्यासंगं मी बी देवाचंच म्हनते."

नियमाच्या पुस्तकात याबद्दल काही नव्हतं. घरातली मोठी माणसं एखाद्या वस्तूला जो शब्द नेहमी वापरतात, तो मुलाचा शब्द धरावा, एवढं एक वाक्य मात्र होतं. ते उमाने दोनदा वाचलं. मग तिन्ही उत्तरं बरोबर धरली आणि संच पुन्हा उघडला.

सांडू पुढे गेला. कुलूप, पाटा, चाळणी, नांगर, घुबड. अर्ध्याच्या बऱ्याच पुढे जाऊन तो खरोखर अडखळला, आणि तिथे ती थांबली. मग गोष्टीचं चित्र देऊन तिने त्याला बोलतं केलं.

"मंद नाही तो," ती सरूबाईला म्हणाली. "शब्द वयाला धरून आहेत. वाक्यं तुटक आहेत, त्यात थोडा मागे आहे. जूनमध्ये शाळेत घाला आणि महिन्यातून एकदा इथे आणा. पण शाळेत त्याला लिंबू दाखवून 'आंबट' चालणार नाही. घरी कुणीतरी तो शब्द म्हणायला हवा."

सरूबाईने मान खाली घातली. सासूसमोर सासऱ्याचं नाव तिच्या तोंडून येणं शक्य नव्हतं.

उमाने चित्र सांडूपुढे धरलं. "याला लिंबू म्हणतात. म्हण."

त्याने मान हलवली. "आज्याचं नाव हाय ते."

"आजोबांचं नाव लिंबाजी. हे लिंबू."

"आजी म्हनत नाय."

त्याने ओठ मिटून घेतले. उमाने पुन्हा विचारलं नाही. आता तिच्या हातात काही नव्हतं. सरूबाईच्याही नव्हतं.

चतुराबाई उठली आणि त्याच्या खुर्चीजवळ खाली बसली. तिने चित्राच्या कडेवर बोट ठेवलं.

"सांड्या," ती म्हणाली, "मला चालत नाय. तुज्या आईला चालत नाय. तुला चालतं. म्हन तू."

"तू रागावशील."

"नाय रागवायची."

सांडूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "लिंबू."

चतुराबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "आजून एकडाव म्हन."

"लिंबू."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला," ती सुनेला म्हणाली. "थोरल्याला मी सांगंन. पोरगं हितं ऱ्हाईल. जूनला मी एकलीच जाईन पिशोरला."

"आत्याबाई, तुमाला कोन जा म्हनतंय?"

"कुनी नाय. पन माज्यासमोर तुला त्यो शब्द बोलता यायचा नाय."