यंदा चांग कोणी बांधायचे

पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी, चांगांच्या सणाच्या आदल्या दिवशी, मी माहेरी पोचले, तेव्हा आईने बांबूची पानं भिजत घातली होती. तीही कुठे, तर उंबऱ्याला लागून ठेवलेल्या मोठ्या टपात. सगळ्या गल्लीला दिसतील अशी.

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात त्या वर्षी चांग बांधत नाहीत. पानाच्या द्रोणात चिकट तांदूळ आणि डुकराचं मांस भरून बांधलेले हे चार टोकांचे गोळे त्या घरी नातलगांनी आणून द्यायचे आणि घरच्यांनी ते मुकाट्याने घ्यायचे, ही आमच्या किनाऱ्याची रीत. बाबांची होडी तिसऱ्या महिन्यातल्या धुक्यात गेली. फळ्या सापडल्या, बाबा सापडले नाहीत. आईने सुतकाचे पांढरे कपडे घातले नाहीत. पाण्यात गेलेल्याच्या आत्म्याला किनाऱ्यावर उभं राहून नावाने हाक मारतात, घरी बोलावून आणतात, तेही तिने कुणाला करू दिलं नाही. त्यामुळे या सणाला अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लागला होता. आणावेत तर तिचा नवरा मेला असं तिच्या तोंडावर म्हटल्यासारखं. न आणावेत तर काय माणसं ही! सकाळी सासूबाईंनी हळूच विचारलं होतं, "खिंग, माहेरी चांग पाठवू का गं?" आणि मी भित्री, "राहू दे" म्हणून रिकाम्या हातांनी निघाले होते.

"आलीस? बस. ती सुकी कोळंबी निवड," आई म्हणाली. "ह्यांचे अंड्याच्या दोन बलकांचे वेगळे ठेवायचेत. एकच बलक निघाला की तोंड बघायला नको."

मी बसले. कोळंबी निवडायला घेतली. कढईत छोट्या कांद्यांचा वास सुटला होता, तांदूळ सोया सॉसने तांबूस झाले होते. मागच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, नुसताच पांढरेपणा दिसत होता, आणि चुलीवरच्या पातेल्याची वाफ त्याच्यात मिसळून जात होती. घर कुठे संपतं आणि बाहेरचं कुठे सुरू होतं, ते कळेना. आई दोन पानं एकावर एक ठेवायची, मनगट वळवून द्रोण करायची, तांदूळ, मांस, चेस्टनट, बलक, पुन्हा तांदूळ. तिचे हात बघता बघता मला वाटायला लागलं की काही झालेलंच नाही, बाबा जाळं वाळत घालायला गेलेत आणि येताना शेजाऱ्याशी भांडून येणार आहेत. मला ते वाटणं फार आवडलं, उगाच खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सिऊखिम आत्या आली. बाबांची थोरली बहीण. टप बघून ती उंबऱ्यावरच थबकली.

"बीहुआ, लाज वाटत नाही? लोक काय म्हणतील?"

"लोकांना चांग हवे असतील तर म्हणावं बांधून घ्या," आई म्हणाली. "या वन्सं, आत या. तुमच्या बोलण्याने पाणी थंड होतंय माझं."

"माझा भाऊ तिकडे पाण्यात गारठून पडलाय, आणि तू इथे सण करतेस! त्याला हाक तरी मारू दे मला. दोन महिने झाले, दोन महिने मी तुझ्या विनवण्या करतेय!"

"भाऊ तुमचा असेल. नवरा माझा आहे. मी सांगेन तेव्हा मारा हाक."

आत्या आत येऊन धपकन स्टुलावर बसली आणि दोघींनी तोंडं फिरवली. पातेलं तेवढं रटरटत होतं. ओल्या पानांच्या त्या वासात माझे डोळे कधी मिटले, मला कळलं नाही.

बाबा दारात उभे होते. गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेली, पायांखाली पाण्याचं थारोळं. मी म्हटलं, आत या ना. ते हसले, पण आले नाहीत. आईच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी टपातलं एक पान उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं.

मी दचकून जागी झाले, आणि अक्कल नसल्यासारखं बोलून गेले, "आई, बाबा आले होते. आत्ता, माझ्या स्वप्नात."

आईच्या हातातला द्रोण अर्धाच भरलेला होता. "आत आले?"

"नाही. दारात उभे होते. पाय ओले होते."

"काही म्हणाले?"

"नाही."

"रागावले होते?"

"नाही गं. भूक लागल्यासारखे दिसत होते."

"माझ्या स्वप्नात नाही आले," आई म्हणाली. "एकदासुद्धा नाही. मी जागीच असते ना. येतील कसे?" मला रडू आवरेना. पण ती रडत नव्हती. तिने द्रोणात बलक ठेवला, मग दुसरा ठेवला, वर तांदूळ दाबले, पान दुमडलं, आणि न बांधताच तो चांग आत्यापुढे धरला.

"वन्सं," ती म्हणाली, "आमच्या घरचे यंदा तुम्ही बांधा."

भाऊ गेला हे आईने मानावं म्हणून जी दोन महिने मागे लागली होती, त्या आत्याने दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले. सत्तरीची बाई, एखाद्या पोरीसारखी मान हलवत राहिली. "मी नाही. तूच बांध गं बीहुआ, तूच बांध. लोकांचं काय ऐकतेस? मेल्यांना काय कळतंय!"

"वन्सं."

"कडेवर घेऊन फिरवलाय गं मी त्याला."

"म्हणूनच," आई म्हणाली. तिचा हात तसाच पुढे होता, आणि चांगाच्या कोपऱ्यातून एकेक दाणा खाली पडत होता.

शेवटी आत्याने तो घेतला. दोरी गुंडाळताना तिची गाठ भलतीकडेच बसली, सैल. ती ओढून घट्ट करायला आईचा हात आपोआप पुढे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. मग आईने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली मांडीवर दाबून धरला.

"अजून घट्ट, वन्सं," ती म्हणाली. "पाण्यात सुटेल तो."