फ्रॉक कुणाचा, तोंड कुणाचं

दोघी बहिणी साठीच्या पुढच्या, पण त्या चित्राचा विषय निघाला की शाळकरी पोरींसारख्या भांडायच्या. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लहान मुलाचं चित्र काढलं ते एकच. ताई म्हणायची ते माझं, धाकटी म्हणायची माझं. काळवंडलं म्हणून त्यांनी ते जुनी चित्रं साफ करणाऱ्या बाईंकडे दिलं होतं, आणि आज त्याच बाईंना निवाडा करायला बसवलं होतं.

"फ्रॉक माझा आहे," ताईने आल्या आल्या सांगून टाकलं.

"होता. पुढच्या वर्षी मलाच घातला," धाकटी म्हणाली.

"आणि चेहरा बघा, किती विचारी!"

"विचारी कसला डोंबलाचा! गाल फुगवून बसलीये नुसती."

बाईंनी चित्रावर भिंग धरलं. "फ्रॉक, केस एका बैठकीत उरकलेत. ओठ मात्र तीनदा पुसून पुन्हा रंगवलेत, थर बघा कसा चढलाय. या पोरीचं तोंड काही मिटत नव्हतं."

ताईने चित्रावरून नजर काढून घेतली. घरात कुणाचं तोंड मिटत नव्हतं, हे सांगायला भिंग कशाला हवं? आपण शहाण्यासारखं वागलो, सांगतील ते काम केलं, आणि बाबांनी रंगवलं कुणाला, तर या भवानीला! तिला फार वाईट वाटलं. या वयात वाटतंय याची लाजही वाटली.

"डोळे मात्र एका दमात उतरलेत," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणजे नजर हललीच नाही. आणि ती वडिलांकडे नाहीये, त्यांच्या खांद्यामागे आहे. गाल फुगलेत ते रागाने नाही हं, हसू दाबतेय ही. कोण उभं होतं मागे?"

"कोण म्हणजे? ही!" धाकटी उसळली. "मी हलू नये म्हणून बाबांनी हिला उभं केलं होतं. जीभ नाकाला लावून दाखवत होती मेली, तासभर!"

ताई हे पार विसरून गेली होती. "तासभर कसला? तीन दिवस! मान आखडली होती माझी."

धाकटीने चित्र उचलून ताईच्या मांडीवर ठेवलं. "तुझ्याच घरी लाव. माझं तोंड मला आरशात दिसतं. इतकं टक लावून मी पुन्हा कधी तुझ्याकडे बघितलं नाही. ते तरी बघ."

ताई काहीतरी खोचक बोलायला गेली आणि तिला रडूच फुटलं. बाईंनी कापसाचा बोळा पुढे केला. तो धाकटीनेच आधी पळवला, कारण तिचेही डोळे वाहत होते.