ताडपत्रीखालचं ऊन

मित्रांनो, माझ्या पोटात आजवर ना दुधाची पिशवी आली, ना सरबताची बाटली. मी दवाखान्यातला लशींचा फ्रीज आहे. आता जुना झालो, एक पाय विटेवर टेकून उभा असतो. दोन ते आठ अंश, एवढ्यातच माझं आयुष्य गेलं. पारा त्याच्या वर गेला की मी नुसता डबा.

नवा होतो तेव्हा सिस्टर मला पदराने पुसायच्या. त्या काळी मी कोळशावर जगत होतो. समोरच वीजघर आहे. त्याचं धुरांडं दिवसरात्र धूर ओकायचं आणि मला वीज मिळायची. खोटं कशाला बोलू, कोळशाने मला रात्रीही उपाशी ठेवलं नाही. पण कोळशाच्या रेल्वे वाघिणी उशिरा आल्या किंवा बॉयलर गळला की सगळं ठप्प. शिवाय रोज सकाळी आमच्या दाराशी खोकणाऱ्यांची रांग लागायची. मला गार ठेवणाऱ्यानेच त्यांना ती खोकल्याची भेट दिली होती.

मग छपरावर सौर पाट्या आल्या, खाली बॅटऱ्या आल्या. धूर नाही, आवाज नाही. ढगाळ दिवसांत मात्र बॅटऱ्या लवकर धापा टाकत, म्हणून वीजघराची तारही जोडलेली राहिली. आमच्या दवाखान्यातल्या शिपाईकाकांचा मेहुणा वीजघरात कोळसा उतरवायचा. चहाला आला की तो वर बघून म्हणे, "दाजी, तुमचे हे आरसे एक दिवस आमच्या पोटावर पाय देणार." काका हसून विषय बदलत.

काका भारी जपणारे. घड्याळावर प्लास्टिक, स्टुलावर प्लास्टिक. नवा झाडू कागदात गुंडाळून कपाटात, झाडायला जुनाच. पाट्यांवर धुरांड्याची राख बसायची, ती ते रोज शिडी लावून पुसत.

एकदा वीजघरामागच्या चाळीत, काका राहतात तिथेच, गोवर शिरला. सिस्टरनी मंगळवारी लस द्यायचं ठरवलं. साठ मुलांना पुरेल एवढी लस माझ्या पोटात होती. काकांची नऊ महिन्यांची नातही यायची होती. शनिवारी दवाखाना बंद करून काका लेकीला आणि नातीला आणायला लेकीच्या सासरी निघाले. पुढे दोन दिवस सुट्टी. मग पाट्या पुसणार कोण? तारेची वीज तर आहेच, असा विचार करून त्यांनी पाट्यांवर ताडपत्री घट्ट बांधली.

रविवारी सकाळी बॉयलर गळला आणि वीजघर बंद पडलं. बॅटऱ्यांनी रात्रीपर्यंत तग धरला. सोमवारी खिडकीतून लख्ख ऊन माझ्या पायापर्यंत आलं, पण छपरावरून माझ्यासाठी कणभरही उतरलं नाही. मी आतून कोमट होत गेलो. हाक मारायला मला तोंड नाही.

मंगळवारी सिस्टरनी झाकण उघडलं. पारा एकवीसवर. त्या शिडी चढून वर बघून आल्या. तेवढ्यात काका नातीला कडेवर घेऊन हसत आत आले.

"काका, वर ताडपत्री कशाला?"

"राख पडते ना, सिस्टर."

"धुरांडं परवापासून बंद आहे. राख कुठून पडणार?"

काकांनी नातीला लेकीकडे दिलं आणि शिडीकडे गेले. आता घाई कसली होती? तरी धावतच गेले. बाहेर रांगेत बसलेल्या आयांना सिस्टरनी हात जोडून परत पाठवलं. उबेने निकामी झालेल्या लशीच्या साऱ्या कुप्या फेकाव्या लागल्या.

नवी लस यायला तीन आठवडे लागले. ती येईल म्हणून काकांची लेक माहेरीच थांबली, त्याच चाळीत. लस येण्याआधी नातीच्या अंगावर पुरळ उठलं. पोर वाचली, पण अजून तिच्या हाडावर मांस नाही. काका माझ्या समोरून जातात तेव्हा खाली बघून जातात.

मित्रांनो, कोळसा बरा की ऊन, यावर तुम्ही मोठे झालात की जरूर भांडा. मेहुण्याच्या पोटाचाही विचार करा. पण झाकून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे, एवढं माझ्याकडून शिका. तुमच्या शाळेच्या छपरावर अशा पाट्या असतील, तर उद्या मोठ्यांना विचारा, त्या पाट्यांवर ऊन पडतंय का हे शेवटचं कोणी आणि कधी बघितलं.