ऋताताईची अर्धी कादंबरी

शाळेनं जुनी इंग्रजी कादंबरी निवडायला सांगितली. मी गेल्या साली वारलेल्या ऋताताईची, निम्म्यात खूण घातलेली, उचलली. आई कडाडली, "दुसरी न्हाय का मिळत?"

मिळते की! पण दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा ताईच्या पिंडाला शिवेना. 'आईला जपू, धाकटीला शिकवू', सुचेल तो शब्द बाबांनी दिला. शेवटी दर्भाचा कावळा केला. तिची कादंबरी पुरी करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खुणेपासून पुढं रोज गच्चीत मोठ्यानं वाचत बसले. काल कठड्यावर कावळा येऊन बसला, तो हलेनाच. शेवटचं पान आलं, तर मागं आई भाताचा गोळा घेऊन उभी.

"वाच की पुढं," ती कुजबुजली.

हे पान संपलं की ताई कायमची जाणार. मी पुस्तक मिटलं.

"न्हाय. मी दुसरी निवडते."