दोन अंकांची जागा

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या आंबीत कुणालाही विचारा. पण त्या वर्षी मी तापणार तरी कुणावर? चूक माझ्याच हातची होती.

त्र्याहत्तर साली मी पुण्यातल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रोग्रॅमर होतो. सकाळी तळेगावहून रेल्वेने जायचं आणि दिवसभर खोलीएवढ्या मशीनची मर्जी सांभाळायची. गावात मला मशीनवाला महिपती म्हणत. मी पिठाच्या गिरणीसारखं काहीतरी चालवतो, अशी निम्म्या गावाची समजूत होती. मीही कुणाला समजावत बसत नसे.

त्या उन्हाळ्यात आमच्याच भागातल्या एका बुडणाऱ्या गावाच्या धरणग्रस्तांच्या पत्रांचं काम आलं. छापखान्यातून मराठी पत्रं छापून आली होती, आकड्यापुरती जागा सोडलेली. 'आपणांस नवीन गावठाणात अमुक क्रमांकाचा प्लॉट देण्यात आला आहे', यातल्या अमुकच्या जागी आकडा घालायचं काम मशीनचं. पत्रं यादीच्या क्रमाने निघणार आणि त्याच क्रमाने पुनर्वसन खात्याचा कारकून वर नावं लिहिणार. नाव हाताने लिहिलेलं चालत होतं. आकडा मात्र मशीननेच घालायचा, म्हणजे मध्ये कुणाला हात मारता येऊ नये.

प्रोग्रॅममध्ये आकड्यासाठी किती अंकांची जागा धरायची, ते आधी सांगावं लागतं. प्लॉट नव्याण्णव आहेत असं आमच्या सेंटरचे साहेब म्हणाले, मी दोन अंकांची जागा धरली. आकडा त्यात मावला नाही तर मशीन तो कापत नाही की चुकीचा छापत नाही. त्या जागी दोन चांदण्या छापतं आणि पुढे जातं.

मग पुरवणी यादी आली. त्याच गावच्या, डोंगराच्या उतारावरच्या वाडीची सतरा घरं मोजायची राहिली होती, ती शंभरपासून पुढे घातली होती. वाडी मोजायची राहते यात नवल ते काय. मशीनला आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवरून द्यावे लागत. मी पुरवणीची कार्डं गठ्ठ्याच्या तळाशी लावली, पत्रं काढली, वरची पंचवीस-तीस पाहिली आणि पाचची गाडी गाठली. खालची पाहिली नाहीत. पाहिली असती तर सहाची गाडी मिळाली असती, एवढंच.

पुढच्या रविवारी कोंडूआबा आणि सारजाबाई आमच्या पडवीत येऊन बसले. वाडीतलं हे म्हातारं जोडपं. आमच्या खाचरात लावणीला यायचे, तेव्हापासूनची ओळख. आबांनी पटक्यातून पत्र काढलं.

"महिपती, हे जरा वाच. आमच्या समद्या वाडीच्या कागदावर फुलं काडल्यात. खालच्या गावाला नुसतं आकडं."

"पान्याजवळचं पलाट आसतील," सारजाबाई म्हणाल्या. "उगंच कशाला कोन फुलं काडील?"

दोघंही खुशीत होते. मी पत्र पाहिलं. आकड्याच्या जागी दोन चांदण्या होत्या.

"आबा, ही फुलं न्हाईत. हितं नंबर यायचा व्हता."

"मंग?"

"मी जागा कमी धरली. दोन आकड्यांचीच."

आबांनी चांदण्यांवर बोट ठेवलं. "एका आकड्यापुरती बी जागा न्हवती व्हय?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्लॉटचा ताबा शनिवारी मिळणार होता. सोमवारी मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. प्रोग्रॅममधल्या दोनाचे तीन करायचे आणि सतरा पत्रं पुन्हा काढायची, अर्ध्या तासाचं काम. साहेब म्हणाले, "काम पोचतं झालं. आता खात्याचं लेखी पत्र हवं." खात्यात गेलो, तर तिथले म्हणाले की आमच्याकडे कुणाची तक्रारच नाही. मी म्हटलं, मी करतोय ना तक्रार! ते म्हणाले, तुम्ही धरणग्रस्त आहात का? मी खूप बोललो, नको तेही बोललो. बुधवार गेला, गुरुवार गेला.

शुक्रवारी मूळ यादी काढली. कोंडूआबांचा प्लॉट एकशेचार. संध्याकाळी त्यांना घरी बोलावलं आणि पेनाने, चांदण्यांच्या शेजारी, स्वच्छ अक्षरात १०४ लिहिलं. बाकीच्या सोळा घरांचे नंबर चिठ्ठीवर उतरवून घेतले, ते उद्या तिथंच घालू म्हटलं. सारजाबाईंनी कागदावर फुंकर मारून शाई वाळवली. माझी छाती जरा फुगलीच होती, खोटं कशाला बोलू?

शनिवारी नव्या गावठाणात मांडवाखाली टेबलं लावली होती. वाडीच्या लोकांत आबाच पुढे झाले, कारण त्यांच्या कागदावर नंबर होता. अधिकाऱ्याने पत्र उजेडाकडे धरलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. "बरोबर आहे तो. यादीत बघा."

"तुम्ही कोण?"

सांगितलं. पत्रं ज्या मशीनवर छापली तिथेच नोकरीला आहे, हेही मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिथंच घोडं अडलं.

"म्हणजे आतल्या माणसानेच नंबर घातला," तो शांतपणे म्हणाला आणि पत्रावर लाल शाईत लिहिलं, खाडाखोड, रद्द, चौकशीसाठी.

"साहेब, चूक माझी आहे. म्हाताऱ्याचा काय दोष?"

"मी कुठं दोष म्हणतोय? चौकशीत सांगा सगळं."

बाकीच्या सोळा जणांनी आपापले कागद पुढे केले. ते पाहून तो म्हणाला, हा छपाईचा घोटाळा दिसतो, यांना नवी पत्रं पाठवा. पाच मिनिटांत सोळांची नावं लिहून घेतली. चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. आबा टेबलापाशी उभे होते ते तसेच उभे राहिले. त्यांना वाटलं, सतरावं नाव आपलं घेतील.

दोन महिन्यांनी नव्या पत्रांचं काम सेंटरमध्ये आलं आणि माझ्याकडेच दिलं. मी तीन अंकांची जागा धरली. खात्याकडून कार्डं आली ती सोळा. एकशेतीननंतर एकशेपाच. सतरावं कार्ड मला टोचता आलं असतं, त्याला वेळ तरी किती लागतो? पण खात्याच्या जावक नंबराशिवाय त्या पत्राला कुणी विचारलं नसतं, आणि आबांच्या चौकशीत माझा आणखी एक गुन्हा वाढला असता. मी कोरं कार्ड हातात घेतलं आणि परत ठेवलं. सोळा पत्रं काढली. या वेळी शेवटच्यापर्यंत तपासली, एकूण एक आकडा जागच्या जागी बसला होता.

चौकशीला मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा पुढची तारीख मिळाली. पाणी चढलं तशी वाडी उठली. सोळा घरांनी नव्या जागेत कूड उभे केले. कोंडूआबा आणि सारजाबाई उर्से गावी पुतण्याच्या गोठ्याशेजारी राहायला गेले.

दिवाळीच्या आधी आबा एकदा घरी आले. मी पुढच्या तारखेचं सांगायला लागलो, तर हातानेच थांबवलं. कनवटीचा दुसराच एक कागद काढला, सारजाबाईंच्या दवाखान्याचा. नुसता वाचून दाखव म्हणाले. मी सवयीने खिशातलं पेन काढलं, कुठली गोळी कधी घ्यायची ते मागे लिहून द्यावं म्हणून. आबांनी कागद पटकन मागे घेतला.

"लिवू नगं, बाबा," ते म्हणाले. "नुसतं तोंडानं सांग."